शुक्राच्या पोटात काय चाललंय हे वरनं फिरणाऱ्या यानाला कळतं कसं? सेमिनार आहे, मदत करा की ओ

लालमाती_खानापूर:
नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी फिजिक्स शेवटच्या वर्षाला आहे, रोज खानापूरहून बेळगावला पॅसेंजरनं ये-जा करते आणि जाता-येता मोबाईलवर वाचत असते. सेमिनारला विषय मिळालाय शुक्राची अंतर्रचना आणि ज्वालामुखी, दोन आठवडे हातात आहेत. आतापर्यंत जे वाचलं त्यातनं एवढं कळलं की तिथं ढग इतके दाट आहेत की साध्या कॅमेऱ्यानं जमीन दिसतच नाही, खाली ४६५ अंश तापमान, आपल्या ९० पट हवेचा दाब, आणि उतरलेलं यान फार टिकत नाही, रशियाचं व्हेनेरा १३ म्हणे १९८२ मध्ये १२७ मिनिटं चाललं तेच लई झालं. म्हणजे भूकंप मोजायचं यंत्र तिथं ठेवून बसायचं काही शक्य नाही.

खरं प्रत्येक पुस्तकात एकच वाक्य असतंय, "गुरुत्वीय मापनांवरून ग्रहाची अंतर्रचना समजते", आणि पुढचा पॅरा दुसऱ्याच विषयावर. अहो पण समजते म्हणजे कशी? यान वरनं गोल गोल फिरायलंय, त्याला खाली लोखंड आहे का दगड आहे का वितळलेलं काय आहे हे कोण सांगतं? दुसरं म्हणजे एका ठिकाणी वाचलं शुक्रावर जिवंत ज्वालामुखी सापडला, सिद्ध झालं, दुसरीकडं लिहिलंय "संकेत मिळाले". सरांनी हेच विचारलं तर काय सांगू? आणि रडार जमिनीच्या आत बघतं का? मैत्रीण म्हणते बघतं. सोप्या भाषेत सांगा प्लीज, इंग्रजी पेपर वाचूलेय पण डोक्यावरनं जातायत.

जुना_मोजणीदार:
बाळ, प्रश्न चांगला विचारलास. मी आयुष्यभर थिओडोलाइट आणि साखळी घेऊन शेताचे बांध मोजले, आकाशातलं मला फारसं कळत नाही, पण गुरुत्वाचं जरा कळतं, कारण ओळंबा हे आमचं पहिलं हत्यार.

आधी हे डोक्यातनं काढ की यानावर वजनकाट्यासारखं काही यंत्र आहे आणि ते खालचा ओढा मोजतंय. नाही. शुक्राच्या बाबतीत यान स्वतःच काटा. खाली जड काही असलं की त्याच्याकडं जाताना यान किंचित पळतं, ओलांडून गेलं की किंचित रेंगाळतं. हा वेग पृथ्वीवरून त्याच्या रेडिओ लहरीवरनं ओळखायचा, तुझ्या पॅसेंजरची शिट्टी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते ना तेच. पण किती बारीक मोजतात ते बघ. लहर धर सेकंदाला ८४० कोटी कंपनांची. वेगात सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तर एका बाजूच्या प्रवासात सहा मिनिटांत एका लाटेचा फरक येतो. एक लाट! मोजणारे ती पकडतात. हे मी स्वतः कागदावर करून बघितलं, म्हणून सांगतोय.

याच पद्धतीनं चंद्राच्या सपाट काळ्या भागांखाली जादा वस्तुमान लपलंय हे १९६८ मध्ये सापडलं, लुनार ऑर्बिटर यानं अपेक्षेपेक्षा जरा वेडीवाकडी पळत होती त्यावरनं. शुक्राभोवती हे काम नासाच्या मॅगेलन यानानं केलं. त्याची कक्षा आधी लंबगोल होती, एका टोकाला ३०० किमीच्या आत आणि दुसऱ्या टोकाला साडेआठ हजार, मग १९९३ मध्ये त्याला शुक्राच्या हवेच्या वरच्या थरात मुद्दाम घासत घासत कक्षा आवळली, १८० ते ५४० किमीच्या आसपास आणली, कारण लांबून बारीक तपशील पुसले जातात. हे पुसणं फार निर्दय असतं, त्याला सूत्र आहे. खालच्या जड-हलक्या फरकाची लांबी जेवढी तेवढ्याच उंचीवर यान असेल तर त्या फरकाचा पाचशेवा भाग सुद्धा वर पोचत नाही. ई चा उणे घात, घातात दोन पाय (π) गुणिले उंची भागिले लांबी. हे तू करून बघ, सेमिनारला शोभेल.

आता खालचं लोखंड का दगड हे. आकडा नुसता गुरुत्वाचा घेतलास तर काहीच कळत नाही, उंची-सखलपणाचा नकाशा शेजारी ठेवावा लागतो. आणि ही गोष्ट जगाला आपल्या देशातल्या मोजणीनं शिकवली आहे, हे मात्र सेमिनारात सांगच. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती मोठी त्रिकोणमितीय मोजणी, कल्याणपूर आणि कल्याणा या दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरनं काढलं आणि जमिनीवर त्रिकोण मोजून काढलं तर पाच सेकंदाहून जरा जास्त कोनाचा फरक (कोनाचा सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ओळंबा हिमालयाकडं ओढला जातोय असं धरलं. मग कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्री-गणितज्ञानं हिमालयाचं वस्तुमान धरून हिशोब केला तर फरक यायला पाहिजे होता जवळजवळ १६ सेकंद! म्हणजे एवढा मोठा डोंगर आणि ओढ तिसऱ्या हिश्शाची. १८५५ मध्ये एरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की डोंगराला खाली हलक्या दगडाचं मूळ आहे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखं, जेवढा वर जाड तेवढा खाली बुडालेला.

शुक्रावर तेच करतात. ओव्डा नावाचं पठार उंच आहे पण गुरुत्वात फार जोर दाखवत नाही, म्हणजे जाड कवचाचं मूळ खाली आहे, ओंडका. आणि आटला, बीटा हे उंच प्रदेश मात्र गुरुत्वात ठळक उठून दिसतात. तिथं ओंडक्याचा हिशोब लावायला गेलं तर मूळ दीडशे-दोनशे किमी खोल न्यावं लागतं, एवढं जाड कवच तर असू शकत नाही. मग उरतं काय, खालनं गरम मँटल, म्हणजे कवचाखालचा जाड दगडी थर, वर ढकलायलंय. ज्वालामुखीचा पहिला वास तिथं येतो.

आता एक कडू गोष्ट. माझ्या भावाच्या शेतात बोअर मारायच्या आधी मशीननं जमिनीचा विद्युत रोध मोजून घेतला, आकडा कमी आला, मोजणारा म्हणाला पाणी आहे. साडेतीनशे फूट गेलो, चिकणमाती निघाली. आकडा त्याचा चूक नव्हता. ओल्या चिकणमातीचा रोध पण कमीच असतो. गुरुत्वाचं तस्सं आहे. थोडं जड वर असलं काय आणि जास्त जड खोल असलं काय, यानाला ओढ सारखीच लागते.

पाऊस_जांबोटी:
काका तुम्ही लिवता ते वाचायला भारी वाटतंय. खरं एक सांगा, आपलं सरकार शुक्रयानाला १२३६ कोटी घालायलंय म्हणे, आमच्या गावच्या रस्त्यावरचे खड्डे पण वरनंच मोजा की मग, एकाच फेरीत काम होईल 😂

शहापूरचा_सॅरवाला:
@पाऊस_जांबोटी, तुझे खड्डे मोजायचं सॅटेलाइट वर गेलंय बाबा, निसार, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून. जमीन सेंटिमीटरनं खचली तरी कळतंय त्याला, बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर. आता बुजवायचं कोण ते त्याला माहीत नाही.

@लालमाती, मी बेंगळुरात रडार इमेजवर काम करतो (पृथ्वीच्या, शुक्राच्या नव्हे, तेवढं नशीब नाही) म्हणून तुझ्या रडारच्या प्रश्नावर लिहितो.

मैत्रिणीला सांग, मॅगेलनचं रडार जमिनीच्या आत बघत नव्हतं. वेव्हलेंग्थ १२.६ सेंटिमीटर, ती ढगातनं आरपार जाते, खरं दगडाला लागली की बहुतेक परत. जे परत येतं त्यातनं पृष्ठभाग खडबडीत किती, उतार कुठल्या बाजूला, आणि दगडाचा विद्युत गुणधर्म काय एवढं मिळतं. ताजा तुकड्यातुकड्यांचा लाव्हा उजळ दिसतो, गुळगुळीत पसरलेला लाव्हा काळा दिसतो. आत खरोखर बघणारं रडार युरोपच्या एन्व्हिजन यानावर जाणार आहे, त्याच्या लाटा खूप लांब, ते काहीशे मीटर खालचे थर शोधणार. तेव्हा "रडार आत बघतं" हे वाक्य अर्धं खरं आहे, कुठलं रडार ते विचारायचं.

आता जिवंत ज्वालामुखी. ही स्टोरी मला लई आवडते कारण डेटा ३० वर्षं कपाटात पडून होता. मॅगेलननं सप्टेंबर १९९० पासून दोन वर्षं इमेजिंग केलं, ९८ टक्के शुक्र नकाशावर आला. काही जागा दोनदा-तीनदा बघितल्या. २०२३ मध्ये हेरिक आणि हेन्स्ली या दोघांनी माट मॉन्स नावाच्या ज्वालामुखीवरचं एक मुख शोधलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये ते साधारण २.२ चौरस किमीचं गोल, ऑक्टोबर १९९१ मध्ये ४ चौरस किमीच्या आसपास, आकार बिघडलेला, आणि आत काहीतरी भरल्यासारखं. आठ महिन्यांत!

वाचताना सोपं वाटतं ना, दोन फोटो शेजारी ठेवले आणि झालं? नाही की ओ. पहिल्या फेरीत मॅगेलननं डावीकडं बघितलं, दुसऱ्या फेरीत उजवीकडं. रडारचा फोटो कॅमेऱ्यासारखा नसतो, जो उतार रडारकडं तोंड करून आहे तो आखडून उजळ होतो, पाठ केलेला उतार लांब आणि काळा होतो. राजहंसगड आठव. येळ्ळूरकडनं बघितलेला गड आणि देसूरकडनं बघितलेला गड, फोटो दाखवले तर नवखा माणूस म्हणेल हे दोन वेगळे डोंगर. तसंच एकच मुख दोन बाजूंनी बघितलं की आकार बदललेला दिसतोच, काही न घडता. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर मुखाचे वेगवेगळे आकार बनवले, त्याच्यावर त्याच कोनातनं खोटं रडार मारलं आणि बघितलं की जुनाच आकार धरून दुसऱ्या बाजूचा फोटो जुळतोय का. जुळंना. मग म्हणाले बदल खरा आहे.

२०२४ मध्ये इटलीच्या एका टीमनं सिफ मॉन्स या ज्वालामुखीचा उतार आणि नायोबी प्लॅनिशिया हे मैदान इथं १९९० ते १९९२ च्या दरम्यान रडारची चमक वाढलेली दाखवली, नव्या लाव्हासारखे पट्टे, उताराच्या दिशेनं वाहिलेले. तेव्हा सरांना सांग, पुरावा बदलाचा आहे, आणि त्या बदलाचं सगळ्यात सरळ कारण ज्वालामुखी. "सिद्ध" हा शब्द मी तरी वापरणार नाही. कुणीही लाव्हा वाहताना बघितलेला नाही.

काळादगड_निपाणी:
सॅरवाले दादा, एवढी काटकसर नको. मुख आठ महिन्यांत दुप्पट झालं, डोंगर ज्वालामुखीचा आहे, प्रदेश आटला आहे जिथं मोजणीदार काका म्हणतात तसं खालनं मँटल ढकलायलंय. आणखी काय पाहिजे? पत्रिका?

मी जिऑलॉजीत एमएस्सी केली, आता खडीची खाण बघतोय, म्हणजे रोज सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा फोडून विकायचा धंदा. तुम्ही रडारचं सांगितलं, मी रंगाचं सांगतो, ते कुणी काढलं नाही.

आमच्या खाणीत सुरुंगानंतर जो दगड निघतोय तो निळसर काळा कुळकुळीत. तोच दगड आपल्या भागात हजारो-लाखो वर्षं पावसात पडला की वरनं काय होतंय? निपाणी-चिकोडीकडं काळी माती, आणि तिकडं तुमच्या बेळगाव-खानापूरकडं पाऊस जास्त म्हणून सगळं धुऊन जाऊन लोखंड गंजून उरतंय, जांभा, लाल. या पोरीनं नाव पण लालमाती घेतलंय. म्हणजे दगड ताजा का जुना हे त्याच्या कातडीवरनं कळतंय.

शुक्रावर पाऊस नाही पण दगड तापलेला आहे आणि हवेशी रासायनिक क्रिया होतीच. रात्रीच्या बाजूला एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळपास लांबीच्या लहरींना अशा काही खिडक्या आहेत की तापलेल्या जमिनीचा उजेड ढगातनं झिरपून वर येतोय. व्हीनस एक्स्प्रेस हे युरोपचं यान २००६ ते २०१४ तिथं होतं, त्याच्या व्हर्टिस नावाच्या यंत्रानं हा उजेड मोजला. उंचीप्रमाणं तापमान किती असणार ते माहीत आहे, तर त्या मानानं जास्त उजळणारी जागा म्हणजे तिथला दगड वेगळा किंवा ताजा. २०१० मध्ये असं आलं की इम्डर, थेमिस, डायोनी या प्रदेशातले काही लाव्हाचे पट्टे उजळ आहेत, म्हणजे कातडी अजून जुनी झालेली नाही. वय २५ लाख वर्षांच्या आत, कदाचित अडीच लाखाच्याही आत. पुढं २०२० मध्ये कुणीतरी ऑलिव्हिन हे लाव्हातलं हिरवट खनिज भट्टीत तापवून बघितलं तर काही दिवसांतच त्याच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर बसला. म्हणजे कातडी इतक्या लवकर म्हातारी होत असेल तर उजळ दिसणारा लाव्हा काही वर्षांपूर्वीचाच म्हणायचा!

शहापूरचा_सॅरवाला:
दगडवाले, भट्टीत हवा कुठली होती ते सांगितलं नाहीस 😀 आपली साधी हवा होती, ऑक्सिजन भरपूर. शुक्राची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. गंजायचा वेग तोच धरायचा का हा प्रश्न उरतोच. आणि व्हर्टिसला दिसणारा उजेड ढगातनं विखुरून येतो त्यामुळं शंभर किमीच्या आतलं सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसतं. तुझी खाण, माझं शहापूर आणि चंदगड सगळं एकाच ठिपक्यात.

काळादगड_निपाणी:
ते मान्य. भट्टीचं मी जरा ताणलं. खरं मुखाचं नाही सोडणार.

शहापूरचा_सॅरवाला:
मुखाचं बघ, मुख मोठं व्हायला लाव्हा बाहेर यायलाच पाहिजे असं नाही. खालचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, दुसरीकडं सरकला की वरचं छत कोसळतं. हवाईच्या किलाउएआला २०१८ मध्ये तेच झालं, माथा खचत गेला आणि लाव्हा फुटला लांब खाली. पण हां, तिथंही मॅग्मा हलला म्हणूनच कोसळलं, म्हणजे तुझंच बरोबर येतं शेवटी, मी फक्त शब्दाला धरून बसलोय. नुसतं आपोआप ढासळलं असेल हे मात्र शंभर टक्के खोडता येत नाही.

सल्फर डायऑक्साइड, म्हणजे ज्वालामुखीतनं निघणारा वायू, त्याचं पण असंच. १९७८ ला अमेरिकेचं पायोनियर व्हीनस यान पोचलं तेव्हा ढगांच्या वर खूप होता, मग काही वर्षांत दहा पटीच्या आसपास घटला, तेव्हापासून लोक म्हणतात मोठा उद्रेक होऊन गेला असणार. खरं हवेचं अभिसरण बदललं तरी खालचा वायू वर कमी-जास्त येतो. भावाच्या बोअरसारखंच हे, काका.

लालमाती_खानापूर:
बापरे एवढं सगळं!! सगळ्यांना खूप खूप थँक्यू. काकांचं कल्याणपूरचं तर मी सुरुवातीलाच घालणार. खरं माझा एक प्रश्न राहिलाच, गाभ्याचा. ओव्डा-आटला हे वरचे काहीशे किमी झाले. शुक्राची त्रिज्या ६०५२ किमी, मधोमध वितळलेलं लोखंड आहे का घट्ट आहे हे कसं सांगणार? पेपरमध्ये के-टू, मोमेंट ऑफ इनर्शिया असलं येतंय आणि माझी गाडी तिथंच अडकतेय.

उचगावची_मास्तरीण:
अगं थांब, हे मी सांगते, दहावीच्या पोरांना निम्मं सांगून झालंय माझं.

मोमेंट ऑफ इनर्शिया तुला पाठ आहे, फिरवायला किती जड. सगळीकडं सारखीच घनता असलेला गोळा असेल तर वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या ०.४ पट. जड माल मधोमध गोळा झाला की आकडा खाली. चंद्र ०.३९३, म्हणजे गाभा नावालाच. मंगळ ०.३६४ च्या आसपास. पृथ्वी ०.३३१, म्हणजे मधे भरपूर लोखंड. शुक्राची सरासरी घनता पृथ्वीच्या जवळपास, म्हणून सगळे म्हणतात आत पण पृथ्वीसारखाच असेल, खरं आकडा मोजणं अवघड. पृथ्वी-मंगळ भराभर फिरतात म्हणून मधे फुगलेत, फुगवट्यावरनं थोडा अंदाज बांधता येतो. शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस घेतो, फुगणार काय? म्हणून अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो ते मोजावं लागतं, आणि ते डुलणं एका चक्राला जवळजवळ २९ हजार वर्षं! पंधरा वर्षं पृथ्वीवरनं रडार मारून २०२१ मध्ये आकडा काढला ०.३३७, आणि त्यात ०.०२४ इकडं-तिकडं. बघ आता, ०.३१३ पण चालेल आणि ०.३६१ पण चालेल. पृथ्वी पण त्यात बसते आणि मंगळ जवळजवळ बसतो. पेपरमध्ये गाभा साडेतीन हजार किमीचा वाचशील, तो आकडा या चुकीसकट वाच.

के-टू म्हणजे आंबा. रायवळ आंबा हातात घेऊन दाबलास की रस आहे का कैरी आहे ते अंगठ्याला कळतं, कापायला लागत नाही. सूर्य शुक्राला दाबतो-ओढतो, भरती-ओहोटीसारखं, साधारण ५८ दिवसांच्या चक्रानं. शुक्र जेवढा ताणला जातो तेवढं त्याचं गुरुत्व बदलतं, आणि ते काकांनी सांगितलं तसं यानाच्या वेगात दिसतं. किती ताणला त्याचा आकडा के-टू. मॅगेलन आणि पायोनियरचा डेटा मिळून १९९६ मध्ये आला ०.२९५, त्यात ०.०६६ वर-खाली. घट्ट लोखंडी गाभा धरून हिशोब केला तर ०.१७ च्या आसपास यायला पाहिजे होता. म्हणून म्हणाले गाभा द्रव. मंगळाचं पण २००३ मध्ये असंच कक्षेतनं ठरलं, आणि इनसाइट यानानं २०१८ नंतर तिथं भूकंपमापक ठेवला तेव्हा भूकंपाच्या लहरींनी पण तेच सांगितलं.

शुक्रावर मात्र एक मेख आहे. तो ०.१७ चा हिशोब मँटल टणक धरून केलाय. मँटल गरम, मऊ असेल, ५८ दिवसांत सावकाश वाहत असेल, तर घट्ट गाभा असूनही आंबा मऊ लागतो. म्हणजे आजच्या आकड्यावरनं द्रव का घट्ट ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ताण सूर्याच्या मागं किती उशिरानं येतो तेही मोजलं तरच मँटलचा मऊपणा वेगळा काढता येईल. नासाचं व्हेरिटास आणि युरोपचं एन्व्हिजन या दोन यानांवर त्यासाठीच डोळे आहेत, दोन्ही २०३१ च्या आधी काही निघत नाहीत.

आता सेमिनारसाठी माझा एक प्रयोग घे, हा बुधाचा आहे पण चालेल. आमच्या घरी दुधाचे कॅन आहेत. पाच लिटरचा कॅन दुधानं भर, आढ्याला एका दोरीनं टांग, पीळ देऊन सोड, उलटसुलट फिरायला लागेल, दहा झोके मोज. मग त्याच दुधाला विरजण लाव, रात्रभर हलवू नको, सकाळी घट्ट दही झालं की तोच कॅन तेवढाच पीळ देऊन सोड. वजन तेच, कॅन तोच, दोरी तीच. खरं दह्याचा कॅन सावकाश फिरतो. का? दूध कॅनबरोबर लगेच फिरत नाही, मागं राहतं, त्यामुळं दोरीला फक्त कॅन आणि कडेचं थोडं दूध फिरवावं लागतं. दही मात्र भांड्याला धरून बसलेलं, सगळंच फिरवावं लागतं. बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरताना असाच थोडा डुलतो, २००७ मध्ये रडारनं मोजलं तर डुलणं विषुववृत्तावर ४०० मीटरच्या वर निघालं, सगळा गोळा घट्ट असता तर त्याच्या निम्म्याच्या आसपास निघालं असतं. म्हणजे वरचं कवच एकटंच हलतंय, आत दूध.

पाऊस_जांबोटी:
मास्तरीणबाई मार्क किती देणार ते सांगा, मी पण करतो प्रयोग. दही उरतंय ना शेवटी 😋

लालमाती_खानापूर:
हे तर मी करणारच!! आईला सांगितलं, आई म्हणाली दूध तुझ्या पैशातनं आण.

काका तुमचं सूत्र पण केलं. मॅगेलन १८० किमीवर, खाली २०० किमी लांबीचा फरक धरला, १८० भागिले २०० म्हणजे ०.९, ई चा उणे ०.९ घात म्हणजे ०.४१. तर ४१ टक्के सिग्नल वर पोचतो. हे तर भरपूर झालं की, तुम्ही उगीच निर्दय म्हणाला? बरोबर आहे ना?

जुना_मोजणीदार:
बाळ, दोन पाय कुठं गेले? १८० भागिले २०० नव्हे, त्याला ६.२८ नं गुणायचं. घात होतो उणे ५.६५. उत्तर ०.००३५, म्हणजे पावणेतीनशेवा-तीनशेवा भाग. घाई करू नको, मी पण पहिल्यांदा पाय विसरलो होतो.

आता हेच चंद्राच्या ग्रेल यानांना लावून बघ. ती दोन यानं होती, एकामागे एक, २०१२ मध्ये चंद्राभोवती, आणि त्यांनी पृथ्वीवर अवलंबून न राहता एकमेकांमधलं अंतरच सतत मोजलं. आधी ५५ किमी उंचीवर, मग २३ किमीवर उतरली. तोच २०० किमीचा फरक ५५ किमीवर १८ टक्के पोचतो, २३ वर जवळजवळ निम्मा. म्हणून चंद्राचा गुरुत्व-नकाशा एवढा बारीक आहे की कवचाच्या दगडात सरासरी १२ टक्के पोकळी आहे हे सुद्धा काढता आलं. शुक्राला असं खाली जाता येत नाही, दीडशे किमीच्या खाली हवाच यानाला धरून ओढते. चंद्राला हवा नाही हे मोजणाऱ्याचं नशीब. हा तक्ता एका स्लाइडवर टाक, तीन उंच्या, तीन उत्तरं, सरांना लगेच कळेल शुक्र का अवघड.

शहापूरचा_सॅरवाला:
काकांचं झालं की माझं एक जोडते का बघ. व्हेरिटासचं रडार एकाच जागेवर पुन्हा येऊन दोन लाटांचा फरक काढणार, निसार पृथ्वीवर करतंय तेच. मग ज्वालामुखी फुटायच्या आधी जमीन फुगतेय का, दोन-चार सेंटिमीटर, ते दिसेल. निवडक जागांवरच, सगळीकडं नाही. आपल्या शुक्रयानावर पण एस-बँडचं, म्हणजे मॅगेलनसारख्याच लाटांचं, रडार आहे, केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, मार्च २०२८ ला सोडायचं ठरलंय. मॅगेलनच्या फोटोशी तुलना करायला तेच पहिलं मिळालं तर त्यात नवा लाव्हा दिसतो का यावर दगडवाल्याची आणि माझी पैज.

काळादगड_निपाणी:
लागली. हरलो तर एक ट्रॉली खडी फुकट. जिंकलो तर बेळगावचा कुंदा, दोन किलो, आणि तो पण ताजा, गंजलेला नको.

लालमाती_खानापूर:
पाय विसरले 🙈 आता दुरुस्त केलं, तक्ता पण झाला. मास्तरीणबाई एक शेवटचं, कॉलेजात प्रयोग लाइव्ह करायचा म्हटलं तर दुधाचा कॅन पॅसेंजरमधनं न्यायचा कसा? आणि दह्याचा कॅन तर हलवायचाच नाही म्हणता.

उचगावची_मास्तरीण:
दह्याचा कॅन गाडीत आणू नको, मोडेल आणि दूधच होईल परत. घरी दोन्ही मोबाईलवर व्हिडिओ काढ, झोके मोजताना आवाज येऊ दे. कॉलेजात दाखवायला नुसता पाण्याचा कॅन ने, आणि दुसरा तेवढाच कॅन ओल्या वाळूनं दाबून भर, फक्त वजन तराजूवर सारखं करून घे, नाहीतर सर तिथंच धरतील. झाकण घट्ट लाव, महिलांच्या डब्यात कुणाच्या साडीवर सांडलं तर के-टू कामाला येणार नाही.